अंगावर कोड आलंय? एका ब्लाउज शिवणारीचं सांगणं

मी कराडला ब्लाउज शिवते. बावीस वर्षं झाली. माझ्या दोन्ही हातांवर, ओठांच्या कडेला आणि कमरेवर कोड आहे. दुकानात येणाऱ्या प्रत्येक बाईला मला हात लावावा लागतो, कारण मापाशिवाय ब्लाउज बेतता येत नाही. छाती, कंबर, मुंढा, बाहीचा घेर, मागचा गळा. टेप धरलेले माझे हात तिच्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर असतात. म्हणजे लपवायला मला जागाच नव्हती, तरी कोड आल्यावर पहिली पाच वर्षं मी ते लपवलं. भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्या घातल्या. बोटांना फाउंडेशन फासलं. ते गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या अस्तराला लागलं की रात्री ते अस्तर धूत बसायचे.

त्या पाच वर्षांत आणि नंतरच्या नऊ वर्षांत जे चुकलं आणि जे उपयोगी पडलं, ते सांगते. तुमच्या किंवा तुमच्या लेकराच्या अंगावर नुकताच डाग दिसला असेल, तर पहिल्या महिन्यापासूनच सुरुवात करू.

आधी तपासून घ्या, शेजारणींना विचारत बसू नका

माझा पहिला डाग उजव्या अंगठ्याच्या बुडाशी आला, कात्रीची कडी जिथे घासते तिथे. तांदळाच्या दाण्याएवढा. मला वाटलं घट्टा पडून कातडी सोलली असेल. सासूबाई म्हणाल्या, शिबं असतील. शेजारच्या काकूंनी कॅल्शियम कमी झाल्याचं सांगितलं. यात आठ महिने गेले. तोवर तो डाग रुपयाएवढा झाला आणि डाव्या हातावरही एक उठला. ते आठ महिने मला आजही सलतात, कारण कोड पसरत असतानाच उपचार सुरू झाले तर ते आटोक्यात यायची शक्यता जास्त असते.

प्रत्येक पांढरा डाग कोड नसतो, हे खरं. शिबं बुरशीमुळे येतात आणि त्यांना खरवडलं की बारीक कोंडा सुटतो. लहान मुलांच्या गालावर फिकट, कड न कळणारे चट्टे येतात, ते बहुतेक वेळा आपोआप जातात. कुष्ठरोगाचा चट्टा फिकट असतो, तिथे बधिरपणा येतो. कोडाचा डाग दुधासारखा पांढरा असतो, त्याची कड स्पष्ट असते आणि तिथे स्पर्श पूर्वीसारखाच कळतो. पण हे वाचून घरच्या घरी निकाल लावू नका. ज्यांच्या पाटीवर त्वचारोगातली एम.डी. किंवा डी.व्ही.डी. अशी पदवी आहे त्यांच्याकडे जा. खासगी दवाखाना परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजच्या त्वचारोग विभागात केसपेपर काढा.

तिथे अंधाऱ्या खोलीत वूड्स लॅम्प नावाचा दिवा अंगावर धरतात. त्याच्या जांभळट उजेडात कोड निळसर पांढरं चमकतं. माझ्या कोपरावर तीन डाग असे निघाले की जे नुसत्या डोळ्यांना दिसतच नव्हते.

थायरॉइडच्या तपासणीबद्दल स्वतःहून विचारा. कोडात शरीराची संरक्षण यंत्रणा रंग तयार करणाऱ्या आपल्याच पेशींना शत्रू समजून मारते. तीच चूक ती थायरॉइडच्या ग्रंथीबाबतही करू शकते, म्हणून या दोन गोष्टी पुष्कळदा एकत्र सापडतात. माझा टीएसएच, म्हणजे थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा, वाढलेला निघाला. वर्षभर मला जो थकवा येत होता तो मशीनवर बसून येतो, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

आता सगळ्यांच्या मनातला प्रश्न. जाईल का? ते जागेवर अवलंबून आहे, आणि जे डॉक्टर हे आधी स्पष्ट सांगतात त्यांच्यावर विश्वास ठेवा. चेहरा आणि मानेवर रंग तुलनेने चांगला परततो. बोटांची टोकं, ओठ आणि तळवे फार कठीण. याचं कारण समजून घेतलं की मनाला बरं वाटतं. रंगाच्या नव्या पेशी मुख्यतः केसांच्या मुळांतून वर येतात. जिथे लवच नाही तिथे त्या येणार कुठून? डागातले केसही पांढरे झाले असतील तर तिथेही अवघड जातं.

मला लावायला मलम होतं आणि फोटोथेरपी होती. नॅरोबँड यूव्हीबी नावाच्या दिव्यांच्या पेटीत उभं राहायचं, डोळ्यांना गडद चष्मा लावून, सुरुवातीला अगदी थोडे सेकंद. आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा, लागोपाठच्या दिवशी नाही. मी दुकानाला पाटी लावली, ‘सोमवार आणि गुरुवार दुकान साडेअकराला उघडेल’, आणि दीड वर्ष ती काढली नाही. दोन महिन्यांत सोडून देणारे खूप बघितले. निदान सहा महिने द्या. माझ्या हाताच्या पाठीवर चौथ्या महिन्यात मोहरीएवढे तपकिरी ठिपके दिसू लागले, एकेका लवेच्या बुडाशी एकेक. मग ते एकमेकांत मिसळत गेले. बोटांची टोकं मात्र आजही पांढरी आहेत.

कोड वर्षभर जागच्या जागी राहिलं असेल तर निरोगी कातडीतल्या रंगपेशी डागावर बसवायची शस्त्रक्रियाही होते. मी ती केली नाही. आम्हा कोड असलेल्यांच्या गटातल्या एकीने पायावर केली आणि तिला चांगला गुण आला.

महिन्यातून एकदा बटर पेपर

हे मला कुणी शिकवलं नाही, धंद्यातून सुचलं. कटोरी ब्लाउजचा पॅटर्न काढायला मी बटर पेपर वापरते. दर महिन्याच्या एक तारखेला त्याचा तुकडा डागावर ठेवायचा, खालची कड दिसते, ती बॉलपेनने हलक्या हाताने गिरवायची. बाजूला तारीख आणि जागा लिहायची. रंग परतला असेल तिथे आत ठिपके काढायचे. सगळे कागद एका वहीत चिकटवायचे.

रोज आरशात बघितलं की डाग वाढल्यासारखाच वाटतो. रात्री दोनदा उठून ट्यूबलाइटखाली हात बघणं मी केलं आहे, त्यातून फक्त झोप जाते. वही झाल्यापासून मी स्वतःला सांगितलं की बघायचं ते एक तारखेला. गेल्या महिन्याच्या कागदावर या महिन्याचा ठेवला की कड हलली की नाही ते लगेच कळतं. डॉक्टरांनाही याचा उपयोग होतो, कारण कोड वाढतंय, थांबलंय की भरतंय यावर त्यांचे पुढचे उपचार ठरतात. मोबाइलवर फोटो काढत असाल तर एकाच खिडकीपाशी, एकाच वेळी काढा, नाहीतर उजेड फसवतो.

अंगाला काचणाऱ्या गोष्टी

कोड अंगात असलं की जिथे कातडीला जखम होते, घर्षण होतं, काच बसतो, तिथे नवा डाग उठू शकतो. डॉक्टर याला कोबनर म्हणतात. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर पहिली गोष्ट आली ती परकराची नाडी. माझ्या कमरेवरचा कोडाचा पट्टा बरोबर नाडीच्या रेषेत आहे. रोज सकाळी करकचून बांधायची, उजवीकडे गाठ मारायची, आणि गाठीच्या जागी डाग सगळ्यात रुंद.

म्हणून परकर आता असा शिवा, किंवा शिंपिणीला असा शिवायला सांगा. नेफा चार बोटं रुंद ठेवायचा. गोल दोरीची नाडी काढून सुती कापडाची दोन बोटं रुंद पट्टी ओवायची. गाठ रोज वेगळ्या बाजूला घ्यायची. जमलं तर गाठीऐवजी बाजूला दोन मोठे सपाट हूक लावायचे. मी हे आता मागणीप्रमाणे शिवते आणि ज्यांना कोड नाही त्या बायकाही तसेच मागतात. ब्लाउजच्या मुंढ्यात शिवण जाड झाली की काखेत घासते, तिथे मऊ मलमलची पट्टी आतून लावून घ्या. ब्रा एक नंबर सैल घ्या. घट्ट बांगड्या साबण लावून चढवू नका. घड्याळाचा पट्टा सैल ठेवा. सुईकाम करणाऱ्यांनी अंगुस्तान घालायचा कंटाळा करू नये, मी तो केला.

टिकलीबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण त्यात नुसतं घर्षण नाही. टिकलीच्या गोंदात पॅरा टर्शरी ब्युटाइल फेनॉल हे रसायन असू शकतं आणि ते रंगपेशींना मारतं. कपाळावर नेमका टिकलीएवढा पांढरा गोल उठलेल्या बायका तुम्हीही बघितल्या असतील. कपाळाला खाज सुटत असेल तर टिकली त्याच दिवशी बंद. रबरी चपलेच्या पट्ट्यांत आणि केसांच्या काळ्या डायमध्येही असा त्रास देणारी रसायनं असतात. पायाच्या पाठीवर चपलेच्या आकाराचा डाग दिसला तर आधी चप्पल बदला.

उन्हाचं म्हणाल तर डागाला स्वतःचा रंग नसल्यामुळे तो पटकन भाजतो. एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्तीचं सनस्क्रीन लावा, बाहेर असाल तर दर दोन-तीन तासांनी पुन्हा. आजूबाजूची कातडी रापली की डाग आणखी उठून दिसतो, त्यालाही याने आळा बसतो. पूर्ण बाह्या जरूर घाला, पण त्या उन्हासाठी. घरात, सावलीत, लग्नाच्या हॉलमध्ये तुम्हाला आवडेल ती बाही घाला.

मेकअपने झाकणं यात कमीपणा नाही. फोटो काढायचे आहेत, मनात आज प्रश्नांना उत्तरं द्यायची ताकद नाही, तर झाका. झाकल्याशिवाय दाराबाहेर पाऊलच पडत नसेल, तर मात्र पुढचं ‘तोंडाने म्हणायचं’ वाचा.

बावचीचं तेल आणि दूध-मासे

तिसऱ्या वर्षी मी आठवडे बाजारातल्या एका वैदूकडून तेलाची बाटली घेतली. त्याने सांगितलं, लावून दुपारच्या उन्हात अर्धा तास बसा, जळजळ झाली म्हणजे औषध लागू पडतंय. मी गच्चीवर बसले. संध्याकाळी हातावर लिंबाएवढे फोड आले. फोड बरे झाले तेव्हा जुना डाग दुप्पट झाला होता. नंतर कळलं की त्यात बावची होती. बावचीतल्या सोरॅलेनमुळे कातडी उन्हाला भलतीच हळवी होते. त्याच घटकाचा वापर डॉक्टरही करतात, पण मोजून आणि देखरेखीखाली. गच्चीवर नाही.

‘एकवीस दिवसांत कोड कायमचं गायब’ अशी जाहिरात दिसली की तिथेच थांबा. औषधे नियम, १९४५ (पूर्वीचं नाव औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम) यांच्या शेड्यूल ‘जे’ मध्ये कोडाचं नाव आहे, म्हणजे कोड बरं करतो असा दावा करून औषध विकायलाच कायद्याने मनाई आहे. अशा जाहिरातीची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते.

खाण्याचं थोडक्यात. दूध आणि मासे एकत्र खाल्ल्याने कोड येतं, आंबट खाल्ल्याने वाढतं, पांढरं खाऊ नये, हे मी सगळं ऐकलं आणि पाळलं. दीड वर्ष ताक, दही, लिंबू, चिंच सोडली. डाग वाढतच राहिले आणि हिमोग्लोबिन तेवढं खाली आलं. माझ्या डॉक्टरांनी सांगितलं, सगळं जेवा. त्या दिवशी मी दोन वाट्या कढी प्यायले.

तोंडाने म्हणायचं

आता मला ज्यासाठी हे सगळं लिहावंसं वाटलं ते सांगते.

एका संक्रांतीला हळदीकुंकवाला गेले होते. ओळीने बायका बसलेल्या. यजमानीण प्रत्येकीला कुंकू लावून, हातात वाण देत पुढे सरकत होती. माझ्यापाशी आल्यावर तिने कुंकवाचं बोट माझ्या कपाळापासून तसूभर वर धरलं, लावल्यासारखं केलं, आणि वाण माझ्या हातात न देता समोर सतरंजीवर ठेवलं. स्टीलची छोटी वाटी होती. मी ती उचलली आणि घरी आले. कुणी काही बोललं नाही, मीही नाही. त्या न बोलण्याचा त्रास मला वाटी खाली ठेवण्यापेक्षा जास्त झाला. तिला वाटलं असेल की हे लागतं. तिला कुणी सांगितलं होतं की लागत नाही? मीच सांगितलं नव्हतं.

महिनाभराने एक बाई लेकीच्या लग्नाचे अकरा ब्लाउज घेऊन आल्या. मी टेप उचलला, त्यांनी माझे हात बघितले आणि मदतनीस मुलीकडे बोट दाखवून म्हणाल्या, “माप तिला घ्यायला सांगा.” मी टेप खाली ठेवला नाही. म्हणाले, “वहिनी, हे कोड आहे. हे लागत नाही. माझ्या नवऱ्याला नाही, दोन पोरांना नाही, आणि तेरा वर्षं ह्याच हातांनी मी कराडच्या बायकांची मापं घेतेय.” माझा आवाज कापत होता. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी पदर बाजूला केला आणि हात वर केले, मुंढ्याचं माप द्यायला.

सगळ्या तशा नसतात. काही जणी परत गेल्या. पण ते वाक्य एकदा तोंडातून गेलं, आणि पुढच्या वेळी सोपं गेलं. म्हणून माझा पहिला सल्ला असा, की तुमचं एक वाक्य तयार करा. छोटं, खरं आणि पाठ. घरात मोठ्याने म्हणा, कुकर लावताना म्हणा. ‘हे कोड आहे, लागत नाही, मला काही दुखत-खुपत नाही.’ समोरच्याने विचारायची वाट बघू नका. नजर डागावर थांबलेली दिसली की आपणच म्हणायचं.

भाजल्याचे डाग आहेत, असं सांगू नका. मी सांगत होते. खोटं सांगितलं की ते कोणाला सांगितलं तेही लक्षात ठेवावं लागतं.

शब्दही नीट वापरा. आमच्या दुकानावरून जाणारे उत्तरेकडचे कारागीर ‘कोढ़’ म्हणतात तेव्हा त्यांना कुष्ठरोग म्हणायचा असतो, आणि आपण मराठीत कोड म्हणतो ते हे. दोन्ही शब्द ‘कुष्ठ’वरूनच आलेले, म्हणून घोटाळा होतो. वर ‘श्वेतकुष्ठ’ म्हटलं की लोक आणखी घाबरतात. कोडाचा कुष्ठरोगाशी काहीही संबंध नाही. मी कोड म्हणते किंवा व्हिटिलिगो म्हणते. कुष्ठरोगी माणसालाही कुणी दूर लोटू नये, तो औषधांनी पूर्ण बरा होतो, हेही त्याच दमात सांगते.

त्या लग्नाच्या ब्लाउजनंतर मी शिलाईच्या दरांच्या कागदाखाली दुसरा कागद चिकटवला. साधा ब्लाउज अमुक, अस्तराचा तमुक, फॉल-पिको तमुक, आणि खाली: ‘माझ्या हातांवर कोड आहे. ते स्पर्शाने पसरत नाही.’ नवरा म्हणाला, “कशाला गं, गिऱ्हाईक बिचकेल.” दोन गिऱ्हाइकं बिचकली. पण चौथ्या दिवशी बायकोचा ब्लाउज न्यायला आलेले एक गृहस्थ तो कागद वाचत उभे राहिले. दुकानात दुसरं कुणी नाही असं बघून त्यांनी पँट घोट्यापासून वर केली. दोन्ही नडग्या पांढऱ्या. म्हणाले, “ताई, अठरा वर्षं झाली. हाफ पँट घालून पोरासोबत नदीवर गेलो नाही कधी.”

त्या वर्षात माझ्या टेबलापाशी अशी सात माणसं बोलली.

लग्न आणि मुलं

लग्नाच्या बाबतीत माझं मत पक्कं आहे. पहिल्याच भेटीत सांगा, किंवा त्याआधी फोनवर. डाग दिसतील असा फोटो द्या. मेकअप करून कांदेपोहे उरकायचे आणि नंतर कळलं तर बघू, हा सल्ला घरातलीच माणसं देतात. प्रेमाने देतात, पण ते लपवणं पुढे मुलीच्या अंगावर येतं. मुलांना होईल का, असं समोरचे विचारतील. उत्तर सरळ द्या. घराण्यात असलं तर शक्यता थोडी वाढते, पण आई किंवा वडिलांना कोड असलं तरी बहुतेक मुलांना ते होत नाही.

मूल शाळेत असेल तर जूनमध्येच वर्गशिक्षकांना भेटा. वर्गात पहिल्या आठवड्यात दोन मिनिटं सांगायला सांगा की हे काय आहे आणि हे लागत नाही. डबा खायला मुलाशेजारी कोण बसतं, हे मधूनमधून विचारत जा. मार्कांपेक्षा आधी ते विचारा. आणि मुलासमोर उसासे टाकू नका. आमच्यातल्या एका मुलाने सांगितलं, आई डागाला मलम लावताना दर वेळी डोळे पुसायची, त्यावरून मला कळलं की माझं काहीतरी भयंकर झालंय.

मन फारच खचलं, जगणं नकोसं वाटायला लागलं, तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक आहे. फुकट आहे, मराठीत बोलतात. कोडाने जीव जात नाही, पण एकटेपणाने माणूस आतून खचतो, आणि त्यावर मदत घेणं हा उपचाराचाच भाग आहे.

माणसं कशी गाठायची

जगभरात अर्धा ते दोन टक्के लोकांना कोड असतं. म्हणजे कराडएवढ्या शहरात काही शे माणसं. ती दिसत नाहीत कारण ती पूर्ण बाह्यांत असतात.

पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी सुरू केलेली ‘श्वेता असोसिएशन’ आहे. त्या स्वतः डॉक्टर आणि त्यांना स्वतःला कोड आहे. कोड असलेल्यांनी एकमेकांना भेटावं, बोलावं, यासाठी त्यांनी हा स्वमदत गट उभा केला, लग्न जुळवायचे मेळावेही घेतले. पुण्याच्या आसपास असाल तर आधी तिकडे जा. तुमच्या त्वचारोगतज्ज्ञांनाही विचारा, त्यांच्याकडे येणाऱ्या इतर पेशंटपैकी कुणाला भेटायचं असेल तर माझा नंबर द्या. फोटोथेरपीच्या बाकावर तर शेजारीच बसलेलं असतं कुणीतरी. मी पहिले चार महिने त्या बाकावर मोबाइलमध्ये मान घालून बसले, तुम्ही तसं करू नका.

गावात काहीच नसेल तर स्वतः सुरू करा. त्याला नोंदणी लागत नाही, पैसे लागत नाहीत. आम्ही दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी प्रीतिसंगमाच्या बागेत जमतो, कृष्णा-कोयना मिळतात तिथे. कुणाच्या घरी नाही, मुद्दाम उघड्यावर. घरी जमलो की पुन्हा लपल्यासारखं होतं. पहिल्या भेटीला तिघं होतो. आता कधी नऊ, कधी पंधरा.

काही गोष्टी अनुभवाने ठरवल्या आहेत. औषधाची नावं एकमेकांना सांगायची नाहीत. एकाचं स्टिरॉइडचं मलम दुसरीने चेहऱ्याला लावलं आणि कातडी पातळ झाली, तेव्हापासून हा नियम. कुठल्या डॉक्टरांकडे जाता, खर्च किती येतो, गाडी कुठली सोयीची, हे मात्र भरपूर सांगायचं. कुणी काही विकायला आलं तर नम्रपणे उठवायचं. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘रामबाण उपाय’ पाठवला तर तो पुसून टाकायचा. फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही.

२५ जूनला जागतिक व्हिटिलिगो दिन असतो. मायकेल जॅक्सनला कोड होतं, त्याचं निधन २००९ साली याच तारखेला झालं, आणि २०११ पासून हा दिवस पाळतात. आम्ही त्या दिवशी अर्ध्या बाह्यांत जमतो. पुरुषसुद्धा. नडग्या दाखवणारे ते गृहस्थ गेल्या वर्षी हाफ पँट घालून आले, सोबत आता कॉलेजात असलेला मुलगा होता. दोघं घाटाच्या पायऱ्या उतरून पाण्यात पाय सोडून बसले.

पहिल्यांदा येणाऱ्याला आम्ही काही विचारत नाही. चहा देतो. गेल्या पावसाळ्यात एक वडील दहावीतल्या मुलाला घेऊन आले. मोटारसायकल फाटकापाशी लावून तिथेच उभे राहिले, वीस मिनिटांनी निघून गेले. पुढच्या महिन्यात पुन्हा आले, पुन्हा फाटकापर्यंतच. मुलाच्या अंगात फुल शर्ट, कॉलरचं बटण लावलेलं, ओठांच्या कोपऱ्यांवर माझ्यासारखेच डाग. तिसऱ्या वेळी मी थर्मास घेऊन फाटकापाशी गेले आणि दोन कप भरून पुढे केले. मुलगा माझ्या बोटांकडे बघत राहिला. मग त्याने कप घेतला आणि विचारलं, “मावशी, तुम्ही कुठल्या दवाखान्यात जाता?”